कुशाबाईनं शपथ मोडली

कुशाबाईनं बेलभंडार उचलला तो खुशीनं नाही. नवऱ्यानं तिचा हात धरून तिला देव्हाऱ्यासमोर बसवलं, तळव्यावर बेलाचं पान ठेवलं, पानावर निमगावच्या खंडोबाचा भंडारा ओतला आणि म्हणाला, "म्हण. कुनाला सांगनार न्हाई म्हण."

"काय सांगनार न्हाई?"

"ह्या गोळ्यांचं. आईला न्हाई, तुझ्या भैनीला न्हाई, वाऱ्याला सुदिक न्हाई."

"देवाला तर कळलंच की आता."

"कुशे, थट्टा नगं. बोललीस तर माझं मढं बघशील. म्हण तसं."

ती तसं म्हणाली. बाईला शपथ घालतात, घेतेस का म्हणून विचारत नाहीत. हातातली हळद तिनं कपाळाला लावली, उरलेली पदराला पुसली आणि भाकरी थापायला उठली. पण शपथ ती शपथ. तिच्या माहेरी बेलभंडार मोडलेल्या माणसाच्या घरी लोक पाणी पीत नसत.

गोळ्यांची भानगड अशी होती. नवरा दत्तोबा चाकणच्या कांदा-बटाट्याच्या बाजारात हमालांचा मुकादम. मुकादम म्हणजे पागोटं घालून गादीवर बसणारा नव्हे. जी गोणी कुणाला उचलत नाही ती त्यानं उचलायची, आणि तो उचलतो म्हणून बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, एवढाच त्याचा अधिकार. पाठीवर गोणी घेऊन तो फळीवरून ट्रकात चढायला लागला की शेतकरी बोलता बोलता थांबत. मागच्या पावसाळ्यात ती फळीच निसटली. दत्तोबा खाली आणि गोणी त्याच्या मांडीवर. हाड शाबूत राहिलं, म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. पण पुढच्या आठवड्यात पाय केळीच्या खांबासारखा सुजला आणि निळा पडला.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, मांडीच्या शिरेत रक्ताची गाठ धरली आहे. ती सुटून वर छातीत गेली की माणूस बसल्या जागी खलास. म्हणून रोज गोळी खायची. गोळीनं रक्त पातळ राहतं, गाठ वाढत नाही. पंधरवड्याला येऊन रक्त तपासून जायचं. कुठं कापून घ्यायचं नाही, पडायचं नाही, आणि दातबीत काढायची वेळ आली तर आधी इथं यायचं. बाहेर कुणाला तोंडात हात घालू द्यायचा नाही. एकदा वाहायला लागलं तर ते आपणहून थांबणार नाही.

हे दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून ऐकलं. कुशाबाईनं औषध म्हणून ऐकलं. दत्तोबानं शिवी म्हणून ऐकलं.

"गवळ्यानं दुधात पानी घालावं तसं माझ्या रक्तात पानी घालाया लागलेत," येताना एसटीत तो म्हणाला.

त्याचंही खोटं नव्हतं म्हणा. पाठ चालते तोवरच ज्याला नाव आहे, त्याला आजारी पडायची सोय आपल्याकडे कुणी ठेवलेली नाही. व्यापाऱ्याला धाप लागली तर तो लोडाला टेकतो. हमालाला धाप लागली तर दुसरा हमाल लागतो. आणि दुसरा तयारच होता. बाळाजी नावाचा, दत्तोबाच्याच टोळीतला, मानेनं रेड्यासारखा आणि जिभेनं सुरीसारखा. दत्तोबाच्या रक्तात पाणी घातलंय एवढं त्याला कळायचा अवकाश, की दुपारपर्यंत टोळी त्याची झाली असती.

म्हणून गोळ्यांची बाटली दत्तोबानं देव्हाऱ्यातल्या भंडाऱ्याच्या डबीत पुरून ठेवली. देवाच्या डबीत घरातलं कुणी हात घालत नाही. गोळी रोज पहाटे, देवाला हळद वाहायच्या निमित्तानं. आणि पुण्याला जायचं ते आळंदीच्या नावावर. एकादशी पंधरवड्याला येते, रक्ताची तपासणीही पंधरवड्याला. सगळा बाजार म्हणायला लागला की दत्तोबा देवाला लागला.

"मुकादम, माळ कवा घालताय?" बाळाजी विचारायचा. "मग मटणाचा वाटा मला येईल, म्हून इचारतो."

फाल्गुनात कांद्याचा हंगाम ऐन भरात आला आणि दत्तोबाची खालची दाढ उठली. आधी तो तिच्यावर लवंग ठेवून हिंडला. मग तंबाखूची गोळी. मग गाल पुरीसारखा फुगला, डोळा अर्धा मिटला, आणि तिसऱ्या दिवशी तोंडातून घाण वास यायला लागला. एकादशी अजून लांब होती.

शनिवारी सकाळी, बाजाराला निघताना, तो म्हणाला, "उद्धवरावाकडनं काढून घेतो."

कुशाबाईच्या हातातली घागर तशीच राहिली. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"हळू बोल."

"हळूच बोलते. काय सांगितलंय?"

"आगं, कालची गोळी खाल्लीच न्हाई मी. वर राती उडदाचं घुटं हाणलंय वाडगाभर. रक्त झालं आसंल घट्ट."

"रक्त म्हंजे पिठलं हाय व्हय, रातीत घट्ट व्हायला?"

"मग आज पुण्याला जाऊ? शनवारचा बाजार टाकून? एकादशी न्हाई न् काय न्हाई. काय सांगू बाळाजीला?"

"दात दुखतोय म्हून सांगा. मानसांचेच दुखत्यात."

"दातासाठी पुण्याला जातो म्हनल्यावर हसतील. तू तुझं बघ. आन् ध्यानात ठिव," त्यानं देव्हाऱ्याकडे बोट केलं, "काय उचललंयस ते."

उद्धवराव दातवाला बाजाराच्या कडेला लिंबाखाली बसायचा. त्याच्यापुढं पोतं पसरलेलं, पोत्यावर आजवर काढलेल्या दातांचा ढीग, शेजारी स्टोव्हवर पाण्यात उकळणारा चिमटा. माणूस धंद्याला चोख होता, उगाच त्याला नाव ठेवण्यात अर्थ नाही. दत्तोबा समोर उकिडवा बसल्यावर त्यानं आधी विचारलं, "काय दवापानी चालू हाय का, मुकादम? कापलं-खुपसलं तर रक्त लौकर थांबतं ना?"

"माझं? माझं रक्त डांबरावानी हाय," दत्तोबा म्हणाला.

भोवती माणसं जमलीच होती. दात काढताना माणूस ओरडतो का नाही हे बघायला बाजारात फुकटचा खेळ असतो. बाळाजीही होता. "रडायचं न्हाई हां, मुकादम. पोरं बघत्यात."

कुशाबाई कांदा निवडणाऱ्या बायकांत बसली होती, पत्र्याच्या सावलीत. तिथून तिला उद्धवराव दिसत होता. त्याचा प्रश्न तिनं ऐकला आणि उत्तरही ऐकलं. तिचा हात कांद्यावरच थांबला. एक वाक्य बोलायचं होतं. ती ते बोलली नाही, कारण त्या वाक्याच्या पुढं नवऱ्याचं मढं उभं होतं आणि त्या मढ्यापुढं खंडोबा घोड्यावर बसला होता.

दाढ निघाली. दत्तोबानं हूं केलं नाही. लोकांनी वाहवा केली, उद्धवरावानं दाढ वर धरून दाखवली, भोकात कापूस कोंबला आणि सांगितलं की तासभर दाबून धरा, थुंकू नका. दत्तोबा उठला, धोतर झाडलं आणि पायात काटा मोडावा एवढंही काही झालं नाही अशा चालीनं गोण्यांच्या थप्पीवर जाऊन बसला. तिथून बोट करून तो टोळीला हुकूम सोडायला लागला.

ऊन चढलं. कुशाबाई कांदा निवडत होती, पण तिची नजर नवऱ्याच्या गळ्यावर होती. गळ्याची घाटी वर जात होती, खाली येत होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. तो काही खात नव्हता. पीतही नव्हता.

तो रक्त गिळत होता.

थुंकलं तर लोकांना दिसेल म्हणून स्वतःचंच रक्त घोटाघोटानं पोटात घालत होता. असली मर्दुमकी आमच्या गावोगाव आहे, आणि तिचं कौतुक करणारी तोंडंही गावोगाव आहेत. मेल्यावर हीच तोंडं म्हणतात, गडी शेवटपर्यंत कण्हला नाही.

कुशाबाई उठून त्याच्याजवळ गेली. "थांबलं का?"

त्यानं मान हलवली. हो की नाही ते कळेना.

"तोंड उघडा."

"जा कामाला," तो म्हणाला, आणि बोलायला तोंड उघडलं तशी धार सुटली. हनुवटीवरून, सदऱ्यावरून, खाली गोणीवर. लाल कांद्याची गोणी होती, तरी डाग लांबून दिसला.

माणसं धावली. उद्धवराव धावला. त्यानं भिजलेला कापूस काढला, नवा कोंबला. तो बघता बघता भिजला. कुणी तुरटी आणली. कुणी चुना आणि कात. एका म्हातारीनं कंबरेची मिसरीची डबी काढून तीच भोकात भरली. दत्तोबाचा थोरला चुलतभाऊ तात्याबा देवाचं करणारा, त्यानं कपाळाला लावायचा भंडारा पिशवीतून काढला आणि दाढेच्या जागी चिमूटच्या चिमूट दाबला. पिवळं लाल झालं आणि वाहत बाहेर आलं. दत्तोबा आता बसलेला नव्हता. थप्पीला टेकून घसरला होता. ओठ पांढरे पडत होते आणि अंगाला दरदरून घाम.

"आजवर आसलं रक्त पाह्यलं न्हाई," उद्धवराव बोळा बदलत म्हणाला. "आवं, ह्यास्नी काय हाय ते कुनीतरी सांगा. साप चावल्यावानी वाहतंय. वैनी, तुमाला ठावं हाय का काय?"

सगळी मुंडकी कुशाबाईकडं वळली. दत्तोबाचीही. बोलता येत नव्हतं, पण डोळ्यांनी त्यानं तिला बजावलं. त्या डोळ्यांत बेलाचं पान होतं, हळद होती, सगळं होतं.

कुशाबाईचं डोकं अशा वेळी विलक्षण साफ चालायचं. तिनं मनात हिशेब केला. न बोलले तर मढं. बोलले तरी मढं. मग बोलूनच बघावं. देवाचं काय ते देवाशी.

"ह्यास्नी पुण्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्यात!" ती ओरडली. पार रस्त्यावरच्या गाड्यांपर्यंत आवाज गेला. "रक्त पातळ ठिवायच्या! पायाच्या शिरंत गाठ हाय म्हून! पावसाळ्यापासनं खात्यात! म्हून थांबंना! चुना-तुरटीनं थांबायचं न्हाई ते, डॉक्टरच लागंल! काडा ती मिसरी तोंडातनं!"

कांद्याचा लिलाव बोलणारा सुद्धा थांबला.

"आरं देवा," उद्धवराव मटकन बसला. "मी इचारलं व्हतं."

"इचारलं व्हतं. त्यांनी खोटं सांगितलं आन् मी गप ऱ्हायले. तुमचं काय चुकलं न्हाई. आता काय करू तेवढं सांगा."

"फडकं घडी करून भोकावर ठिवा आन् दाबा. जोर काडू नका. पुण्यापात्तुर."

"पिंपरीला सरकारी औषधाचा कारखाना झालाय न्हवं नवा?" कुणीतरी मागून म्हणालं. "जवळ पडंल. तितंच न्या."

"तितं बाटल्या भरत्यात, मानसं न्हाई भरत," बाळाजी खेकसला. आणि मग त्यानं जे केलं ते त्याच्या नावावर लिहिलंच पाहिजे. पुण्याला जायला उभा असलेला भरला ट्रक त्यानं अडवला, फळी लावली आणि मागच्या अर्ध्या गोण्या टोळीकडून बघता बघता खाली घेतल्या. ज्याचा कांदा होता तो शेतकरी बोंबलायला लागला. "बोंबल नंतर," बाळाजी म्हणाला. "मानूस जगू दे, मग मी सोता भरून देतो." दत्तोबाला त्यानं एकट्यानं खांद्यावर घेतला आणि फळीवरून चढवला. चढवता चढवता म्हणाला, "डांबरावानी म्हनं. कवापासनं आळंदीला जात व्हता, मुकादम?"

तेवढ्यात कुशाबाई, फडकं दाबायचं उद्धवरावावर सोपवून, घराकडं पळाली होती. घर बाजारापासून हाकेवर. सासू सोजराबाई दारात तांदूळ पाखडत होती. सून चपलेसकट देव्हाऱ्यापाशी घुसली आणि भंडाऱ्याच्या डबीत मनगटापर्यंत हात घातला, हे म्हातारीनं डोळ्यांनी पाहिलं.

"आगं पारोशे! देवाच्या डबीत—"

"तुमच्या ल्योकाचं औषध हाय हितं, आत्याबाई. बोलले तर ह्यांचं मढं बघीन आसा बेलभंडार उचलाया लावला व्हता मला, त्यो आज मोडला. देवाला म्या सांगते नंतर."

बाटली घेऊन ती परत आली तेव्हा ट्रकचं इंजिन चालू होतं. ती चाकावर पाय देऊन चढली आणि गोण्यांवर आडव्या पडलेल्या नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. लुगड्याचा पदर फाडून घडी केली, दाढेच्या जागी ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. ट्रक निघाला. मागं तात्याबा हात वर करून ओरडत होता. त्यातलं "बेलभंडार" एवढं तिला ऐकू आलं. सुनेमागं धावत आलेल्या सोजराबाईनं त्याला एव्हाना सगळं सांगितलं असावं.

मोशीच्या अलीकडं खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला अंगठा सरकायचा आणि उबदार रक्त तिच्या मनगटावर यायचं. दत्तोबानं डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं. आणि दात दाबून तिचा अंगठा चावला. रागानं चावला, अगदी मनापासून.

"चावा," कुशाबाई म्हणाली. "आजून जोरात चावा. माझा किती राग आलाय तो समदा काडा त्या फडक्यावर. सोडू नका."

तो चावत राहिला. भोसरी गेली, दापोडी गेली. तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. पण मनगटावर येणारं रक्त कमी झालं. दत्तोबाचा राग त्या दिवशी जेवढा कामाला आला तेवढा त्याच्या उभ्या आयुष्यात आला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता आणि चिडका. "गोळ्या चालू असताना बाजारात दात काढला? तुम्हाला अक्कल आहे का? तुम्हा लोकांना शंभरदा सांगितलं तरी—"

"शिव्या मागनं द्या," कुशाबाईनं रक्तानं आणि हळदीनं माखलेली बाटली टेबलावर ठेवली. "ह्या गोळ्या. कालची खाल्ली न्हाई म्हनत्यात, आजची म्या बघितली न्हाई. सकाळपासनं वाहतंय, गिळत व्हते म्हून पोटात बी हाय. आता काय ते करा. मग मी हितंच उबी हाय, कितीबी शिव्या द्या."

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं आणि शिव्या द्यायचं विसरला. रक्त गोठवणारं इंजेक्शन शिरेतून दिलं. भोक धुतलं, मिसरी निघाली, चुना निघाला, भंडारा निघाला. मग दोन्ही कडा ओढून टाके घातले. कुणा परक्याचं रक्त बाटलीतून दत्तोबाच्या अंगात सोडलं. दिवेलागणीला वाहणं थांबलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर थोडा निवला होता. आणखी तीन दाढा किडल्या आहेत, त्या काढाव्या लागतील, असं त्यानं सांगितलं. गोळ्या कायमच्या बंद करता येणार नाहीत, पायातली गाठ परत उठेल. थोडी मात्रा कमी करून, रक्त तपासून, एकेक दाढ इथंच काढायची. आणि ज्या कुणा वैद्या-डॉक्टरकडं जाल त्याला पहिली गोष्ट ही सांगायची की ह्या गोळ्या चालू आहेत.

"पहिली गोष्ट," तो दत्तोबाला म्हणाला. "नाव सांगायच्या आधी."

दत्तोबा घरी आला तेव्हा मुकादम बाळाजी झालेला होता. हे लपवायचं कारण नाही. शपथ मोडण्याची किंमत पडली आणि ती कुशाबाईच्या डोळ्यांसमोर पडली. दत्तोबा तिच्या हातची दुधात कुस्करलेली भाकरी खायचा, पण तिच्याशी बोलायचा नाही. तिनंही विनवण्या केल्या नाहीत. पाणवठ्यावर बायका तिच्या घागरीपासून आपल्या घागरी बाजूला सरकवायच्या. ती आपली घागर मधोमध ठेवायची.

आठ-दहा दिवसांनी तात्याबा भाऊबंद घेऊन आला. ओसरीवर घोंगडं अंथरलं. दत्तोबा भिंतीला टेकून बसला, गालावर फडकं बांधलेलं. सोजराबाईनं ताटात भंडारा आणि बेलाची पानं आणून मधे ठेवली. कुशाबाई डोक्यावर पदर घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली.

तात्याबा माणूस वाईट नव्हता. समजुतीनं बोलला. "बाई, झालं ते झालं. पन बेलभंडार मोडलाय, देवाचा कोप घरावर नगं. निमगावला अनवानी जा. पायरीवर नाक घास. म्हन, चुकले."

"काय चुकलं, भाऊजी?"

"शपथ मोडलीस."

"मोडली. चुकले न्हाई."

भाऊबंदांत चुळबुळ झाली. सोजराबाईनं कपाळावर हात मारला. "आगं, बोललीस तर दादल्याचं मढं बघशील आसं म्हनून उचलला व्हतास ना?"

"उचलला व्हता. बोलले. मढं कुठं हाय, आत्याबाई? त्यो काय भिताडाला टेकून बसलाय तुमचा ल्योक."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि तात्याबानं डोळे वटारल्यावर गप्प बसलं.

"देवाशी वाद घालतीस?"

"देवाशी माझा वादच न्हाई. मी दहा दिवस त्याच इचारात हाय. खंडोबाला कशाचा राग यायचा? त्याच्या हळदीखाली लबाडी पुरून ठिवली त्याचा, का ती उकरून काडली त्याचा? नाक घासायचं आसंल तर ज्यानं पुरली त्यानं घासावं. म्या का घासू?"

"नवऱ्याला नाक घासाया लावतीस?" सोजराबाई किंचाळली.

"न्हाई लावत. आजारी मानूस हाय. पन मी बी घासनार न्हाई."

तात्याबानं बराच वेळ मिशीवरून हात फिरवला. त्याला भांडण नको होतं, काहीतरी घेऊन घरी जायचं होतं. शेवटी त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं. "बरं, निमगाव ऱ्हाऊ दे. हितंच उचल. पुन्ना आसं करनार न्हाई म्हन. संपलं."

सगळ्यांना वाटलं, आता ऐकेल. सोपं होतं. दोन शब्द आणि एक चिमूट हळद, पाणवठ्यावरच्या घागरी परत जागेवर.

कुशाबाई चौकटीतून बाहेर आली. ताटासमोर बसली. ह्या वेळी तिचा हात कुणी धरला नव्हता. तिनं बेलाचं पान स्वतः निवडलं, अखंड, तीन दळांचं. त्यावर मूठभर भंडारा घेतला आणि डोक्यावरचा पदर सावरून, नजर वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"खंडोबाराया, ऐक. पुन्ना आशी वेळ आली तर पुन्ना सांगीन. चार मानसांत सांगीन, बाजारात सांगीन, वरडून सांगीन. ह्या घरात कुनाच्या बी जिवावर बेतंल आसलं गुपित मी पोटात ठिवनार न्हाई. ठिवलं तर माझं बघून घे. माझं. दुसऱ्या कुनाचं न्हाई."

आणि हळद कपाळाला लावली. आडवी, भरघोस, पुरुष लावतात तशी.

तात्याबाची पंचाईत झाली. शपथ तर झाली होती. देवाच्या नावानं झाली होती, रीतसर झाली होती, त्यानंच सरकवलेल्या ताटातून झाली होती. आता ती मोड असं तो कुठल्या तोंडानं सांगणार?

मग भिंतीकडून आवाज आला. गालावरच्या फडक्यामुळं बोबडा, पण दत्तोबाचाच.

"बुधवारी," तो म्हणाला.

सगळे वळले.

"बुधवारी दुसरी दाढ हाय. पुण्याला." तो कुशाबाईकडं बघत नव्हता, भाऊबंदांकडं बघत होता, आणि फळीवर चढताना त्याची छाती यायची तशी पुढं आली होती. "आजून तीन काडायच्यात. गोळ्या खात खात. डॉक्टर म्हनला, चालू ठिवून काडायच्यात, येकेक. चाकनात हाय का कुनी आजपात्तुर गोळ्या चालू ठिवून दाढ काडलेला? बाळाजीनं काडली का? हाय का कुनी?"

भाऊबंदांनी एकमेकांकडं बघितलं. तसा कुणी नव्हता हे खरंच होतं.

"मग!" दत्तोबा म्हणाला. जरा थांबला. फडकं नीट केलं. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांदेखत, म्हणाला, "कुशे, तू येनार ना?"

"येईन," कुशाबाई ताट उचलता उचलता म्हणाली. "पन डॉक्टरला सांगायचं तुमच्या तोंडानं. मी नुसती ऐकनार."